संवादाचा अभ्यास नवशिक्यांना कसा शिकवावा

फळ्यावर ‘प्रेषक, माध्यम, ग्राहक’ ही आकृती काढून सुरुवात करू नका. तिचं मूळ गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या 1948 च्या लेखात आहे आणि त्यांच्यापुढे प्रश्न होता तारेतून जाणाऱ्या संकेतांचा, माणसांच्या गप्पांचा नव्हे. ‘बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के’ हेही सांगू नका. हा आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ मेहरेबियन यांचे प्रयोग भावना व्यक्त करण्यापुरते होते, ते सगळ्या बोलण्याला लागू पडत नाहीत.

घरातलं रोजचं बोलणं सगळ्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करायला लावा. त्यातले तीस सेकंद घ्या, जास्त नकोत.

आता ते कागदावर उतरवायचं. खरी कसोटी इथेच आहे. मुलं सुधारून लिहितात: ‘अं’, ‘हं’ गाळतात, तुटलेली वाक्यं पुरी करतात. हे अजिबात चालवून घेऊ नका. समजा, असं बोलणं आहे:

काकू: रविवारी येताय ना जेवायला?
(0.9)
सुमन: अं... बघते हं, ह्यांना विचारून सांगते.
काकू: नाहीतर पुढच्या रविवारी या.

‘नाही’ कोणीच म्हटलेलं नाही, तरी काकूंना नकार पोचला. तो त्या 0.9 सेकंदांत आणि ‘अं’मध्ये आहे. सुधारलेल्या कागदावर उरतं फक्त ‘विचारून सांगते’. मग काकूंनी लगेच दुसरा रविवार का काढला, याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून शांतता मोजायचीच, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. ‘जरा थांबली’ असं लिहिलं असेल तर वही परत करा. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात आवाजाच्या लाटेतला सपाट भाग निवडला की वेळ दिसते. दहा भाषांच्या 2009 च्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी 0.2 सेकंदांच्या आसपास निघालं. त्यापुढे 0.9 म्हणजे केवढं, हे मुलांना आपोआप कळतं. दोघं एकदम बोलली तर दुसऱ्याचा आवाज ज्या अक्षरावर सुरू झाला तिथेच चौकटी कंस टाका, शब्दाच्या शेवटी नाही. ही चिन्हं संवादाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी घडवलेली आहेत. नवी शोधत बसू नका. आणि हेडफोन हवाच, फोनच्या स्पीकरवर ‘हं’ हरवतो.

उतरवून झालं की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: समोरच्याने हे काय म्हणून घेतलं? उत्तर पुढच्या ओळीत बोट ठेवून दाखवायला लावा. ‘तिच्या मनात काय असेल’ ही चर्चा सुरू झाली की तिथेच थांबवा.

कोणी कधी बोलायचं हे कसं ठरतं, यावरचा सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या अभ्यासकांचा 1974 चा लेख यानंतर वाचायला द्या.