विस्मृत पुस्तकांचे ऑनलाइन सहवाचन कसे करावे

नागपुरातील जुन्या घरांत आजोबांच्या पिढीची पुस्तके कपाटाच्या वरच्या खणात वर्षानुवर्षे पडून असतात. ती एकट्याने वाचायला घेतली, की बहुधा विसाव्या पानावर मिटतात. मात्र शहराच्या महाल भागातले काका आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेली भाची असे आठ-दहा जण ठरलेल्या वारी भेटू लागले, तर तीच पुस्तके शेवटापर्यंत जातात.

पहिले पुस्तक दीडशे पानांच्या आतले आणि शक्यतो कथात्म निवडावे. या. मा. काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (1934) या ग्रंथाचा मोह नागपूरकरांना होणे स्वाभाविक आहे, पण नावे व सनावळ्यांनी भरलेला इतिहास गट जमल्यावरच घ्यावा. शीर्षकपानावर केवळ शक दिला असेल, तर त्यात 78 मिळवून प्रकाशनाचे इसवी सन साधारणपणे काढता येते.

त्यानंतर प्रत सर्वांना मिळेल अशी सोय करावी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. तो संपला असल्याची खात्री झाल्यावरच पाने स्कॅन करून वाटावीत. संपादक किंवा अनुवादक यांचा हक्क निराळा असतो, तोही पाहावा. ठिसूळ झालेले पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर दाबू नये, कारण शिवण तिथेच तुटते. खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलने एकेक पान टिपावे.

बैठक आठवड्यातून एकदा, रात्रीच्या जेवणानंतर ठेवावी. झूमची विनामूल्य बैठक 40 मिनिटांनी संपते, ही मर्यादा माझ्या मते सोयीचीच आहे. आवृत्त्यांगणिक पृष्ठांक बदलतात, म्हणून वाटा प्रकरणांनुसार पाडावा.

खरे काम मोठ्याने वाचण्यात आहे. 1962 च्या लेखननियमांपूर्वीच्या छपाईत ‘घरांत’, ‘केलें’, ‘तीं फुलें’ असे अनुच्चारित अनुस्वार आढळतात आणि नवा वाचक तिथेच अडखळतो. ते उच्चारू नयेत, पण दुर्लक्षूही नयेत. त्यांच्यावरून लिंग, वचन आणि विभक्ती कळते, आणि ‘नांव’ माणसाचे असून ‘नाव’ पाण्यातली आहे, हेही डोळ्यांना कळते. प्रत्येकाने दोन पाने वाचावीत व इतरांनी मध्ये न थांबवता अडलेले शब्द टिपून ठेवावेत. शेवटची दहा मिनिटे त्या शब्दांसाठी राखावीत. मजकुरात जुम्मा तलाव आला, तर तो आजचा गांधीसागर आहे, हे महालातले काका कोशापेक्षा लवकर सांगतील.

पुस्तकावर ‘आवडले’ किंवा ‘कंटाळवाणे’ एवढाच शेरा पुरेसा मानू नये. ते कोणत्या पानावर वाटले, हे प्रत्येकाला विचारावे. एका सदस्याने शब्दांची यादी वाढवत न्यावी आणि वाचन संपल्यावर तिची छापील प्रत काढून मूळ पुस्तकातच घालून ठेवावी.