व्हर्सायची कारंजी बघायची तर दिवस पाण्याच्या वेळेवर आखा

पॅरिसहून व्हर्सायला जाणारे बहुतेक लोक राजवाड्यात दमतात आणि बागेत पोचतात तेव्हा कारंजी बंद झालेली असतात. पाणी रोज सुटत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी आणि हंगामाच्या मधल्या काही महिन्यांत मंगळवारीही सुटतं, तेही सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत. सोमवारी राजवाडाच बंद. मंगळवारी पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय बंद असल्यामुळे ती गर्दीही इकडेच वळते, म्हणून शनिवार बरा.

बाग नोव्हेंबर ते मार्च मोफत असते, पण कारंज्यांच्या दिवशी तिकीट लागतं. 'पासपोर्ट' तिकिटात राजवाडा, त्रियानों (आवारातलेच छोटे राजवाडे) आणि बाग तिन्ही येतात. राजवाड्याची सकाळी ९ची वेळ ऑनलाइन आधीच घेऊन ठेवा. लहान मुलांना राजवाडा फुकट आहे म्हणून त्यांचं बागेचं तिकीट गृहीत धरू नका.

'आरईआर सी' या पॅरिसच्या उपनगरी रेल्वेने जाताना पाटीवर 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' हेच नाव बघा. तिथून राजवाडा दहा मिनिटांवर आहे. त्याच मार्गाच्या काही गाड्या शांतिए स्थानकाला जातात. तिथे उतरलात तर पायपीट दुप्पट.

अकराच्या आत राजवाड्यातून बाहेर पडा. वाटेतली कारंजी परतीसाठी ठेवून थेट उतारावरून सूर्यदेव अपोलोच्या तळ्यापाशी जा. रथातल्या अपोलोचं तोंड राजवाड्याकडे, म्हणजे पूर्वेला आहे. सकाळचं ऊन त्याच्यावर समोरून पडतं, दुपारी तोच काळपट दिसतो. अपोलोची आई लातोना, तिच्या कारंज्याचं उलटं. तिचं तोंड पश्चिमेला, म्हणून ती दुपारच्या पाळीसाठी.

मधल्या वेळेत १.६७ किलोमीटर लांबीच्या कालव्याकाठी डबा उघडा. बागेत बसून खायला मनाई आहे, त्यापलीकडच्या पार्कात चालतं. त्रियानों १२ वाजता उघडतं. तिथवर चालायला अर्धा तास धरा. वाटा खडीच्या आहेत, पातळ तळव्याची चप्पल दुपारपर्यंत पाय सोलून काढते.

दुपारची पाळी सुरू झाली की वर या. लातोना झाली की झाडांच्या भिंतींआडचे 'बॉस्के' शोधा, कारण एरवी त्यांना बहुधा कुलूप असतं. ही बाग आखणाऱ्या ले नोत्रचं 'नृत्यदालन' चुकवू नका: शिंपल्यांनी मढवलेल्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं. मग मार्मूझेंच्या, म्हणजे ब्राँझच्या मुलांच्या, वाटेने ड्रॅगनच्या कारंज्याकडे जा. त्याची धार २७ मीटर उडते. शेवट नेपच्यूनपाशी, तिथे ९९ धारा आहेत. ही टोकाची तळी उताराच्या तळाशी असल्यामुळे तिथे दाब भरपूर.

पाळ्या कशासाठी? इथे पाण्याची टंचाई पहिल्यापासूनच. १६८४मध्ये मार्लीला सेन नदीवर चौदा चाकांचं यंत्र बसवून पाणी दीडशे मीटरहून जास्त उंच चढवलं, तरी पुरेना. राजा चौदावा लुई जवळ आला की कारंजेवाले शिट्टी वाजवून पुढच्याला खूण करत आणि मागचं पाणी बंद होई. आजही बहुतेक कारंजी उंचावरच्या टाक्यांच्या दाबावर चालतात, त्यामुळे 'थोडं थांबून बघू' म्हणालात तर धार डोळ्यांदेखत खाली बसते. प्रवेशद्वारावर मिळणाऱ्या नकाशावर त्या दिवशीच्या वेळा छापलेल्या असतात, तो आधी घ्या.

नेपच्यूनपासून परतीला रिव्ह द्रुआत स्थानक सोयीचं. गाडी पॅरिसच्या सेंट-लाझार स्थानकाला सोडते.