असेंब्ली टेबल मागवण्याआधी कोपर मोजा

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये शेतीपंपाचे स्टार्टर जोडतात. पूर्वी लाइनवर लोखंडी अँगल वेल्ड करून केलेली टेबलं होती, सगळी 900 मिलिमीटर उंच. तिसऱ्या स्टेशनवरच्या मावशी लाकडी पॅलेटवर चढून काम करायच्या. दुसऱ्या शिफ्टला त्याच जागी त्यांच्याहून उंच पोरगा स्क्रू मारायचा. सुपरवायझर असून मला त्यात वर्षानुवर्षं काही खटकलं नाही, हे आधीच कबूल करतो.

मग ॲल्युमिनियम प्रोफाइलची टेबलं घ्यायचं ठरलं. 40 बाय 40 चं प्रोफाइल, चारी अंगांना 8 मिलिमीटरची खाच, खाचेत टी-नट आणि वरून बोल्ट. वेल्डिंग नाही, ड्रिल नाही, ॲलन कीवर (षटकोनी चावीवर) सगळं खोलता-बसवता येतं. पहिलं टेबल मी कॅटलॉग बघून मागवलं आणि फसलो. टेबल झकास होतं. पण मी उंची धरली टेबलाच्या फळीची, आणि हात चालत होते त्याच्या 130 मिलिमीटर वर, फिक्श्चरवर, म्हणजे नग धरून ठेवणाऱ्या साच्यावर.

तेव्हा आधी माणूस मोजा. सेफ्टी शूज घालून सरळ उभं करायचं, दंड अंगालगत सैल, कोपर काटकोनात, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप. हलक्या जोडणीला हात जिथे चालतो ती जागा कोपराच्या 5 ते 10 सेंटिमीटर खाली हवी. बारीक, डोळ्यांजवळचं काम असेल तर तेवढीच वर, पण मग कोपर टेकायला गादी द्या. जोर लावायचं काम असेल तर 15 सेंटिमीटर किंवा आणखी खाली. मावशींचं कोपर भरलं 960. त्यातून 80 गेले, 880 राहिले. फिक्श्चरचे 130 काढले की फळी 750 वर. पोराचं कोपर 1080, म्हणजे त्याला फळी 870 वर हवी.

हँडल फिरवून वर-खाली होणारे पाय मिळतात, पण सगळ्या स्टेशनांना ते घेणं परवडेना. म्हणून टेबल मावशींच्या मापाला लावलं आणि पोरासाठी फिक्श्चरखाली 40 मिलिमीटरचे तीन नायलॉनचे ठोकळे केले, पिनांवर एकावर एक बसणारे. शिफ्ट बदलताना ते घालायचे, काढायचे. ठोकळ्यांना पिवळा रंग दिलाय, नाहीतर ते स्टोअरमध्ये जाऊन बसतात.

ऑर्डर देण्याआधी पुठ्ठ्याच्या खोक्यांचं टेबल रचा आणि त्यावर दिवसभर खरं काम करून बघा. माणसाच्या हातात खडू द्या. कोपर अंगाशी ठेवून हात फिरवला की साधारण 35 ते 45 सेंटिमीटरची कमान उमटते. प्रत्येक नगाला लागणारी वस्तू या कमानीत हवी. हात लांबवून 55-60 पर्यंत पोचतो, तिथे कधीमधी लागणारं सामान. आम्ही स्क्रूचे बिन (उघडे डबे) मागच्या वरच्या पट्टीवर लावले होते, कारण फोटोत छान दिसत होते. दर स्क्रूला हात खांद्याच्या वर जायचा!

स्क्रू मारायची गन तिचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंग बॅलन्सरवर टांगा आणि ताण लावताना तिचं वजन हवेच्या पाइपसकट धरा. स्क्रू उभा खाली जात असेल तर सरळ दांड्याची गन घ्या. पिस्तुलासारखी मूठ असली की मनगट वाकतं.

जोडणी करताना एक चूक करू नका. सरकवायचे टी-नट घेतले असतील तर प्रोफाइलची टोकं बंद करण्याआधी प्रत्येक खाचेत दोन-चार नट जास्तीचे सोडा. आम्ही सोडले नाहीत, आणि एका दिव्याच्या ब्रॅकेटसाठी अख्खी फ्रेम उकलली. (फिरवून बसणारे हॅमर नटही मिळतात, ते नंतरही घालता येतात.) दुसरं, ॲल्युमिनियमवर चढवलेला ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. एका पायाला अर्थिंगची वायर लावली म्हणजे सगळी फ्रेम अर्थ झाली, असं धरून चालू नका. टेस्टिंगच्या टेबलाला तुकड्या-तुकड्याला मल्टिमीटर लावून बघा.

स्टूल द्यायलाच हवं. उभ्यानं काम करणाऱ्याला मधून बसता यावं, हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 44 मध्येच सांगितलं होतं.

ॲलन की टूलरूममध्ये ठेवू नका, साखळीनं टेबलालाच टांगा. आमच्याकडे पहिला महिनाभर कुणी तिला हात लावला नाही. मग एके सकाळी मावशींनी स्क्रूचे सगळे बिन उजवीकडून काढून डावीकडे लावलेले दिसले. “सर, मी डावरी आहे ना,” त्या म्हणाल्या. इतकी वर्षं रोज त्यांच्यासमोरून जातोय. आता वहीत कोपराच्या मापाशेजारी ‘डा’ किंवा ‘उ’ लिहितो.