लॅबमध्ये पॉवर बीआय शिकवण्याआधी: तारखा तपासा, मग बाकीचं

प्रोजेक्टर, मार्कर, हजेरीपट यांवर शब्द घालवत नाही. एमबीए किंवा बीबीएच्या मुलांना एक्सेल आणि पॉवर बीआयचं (डेटावरून चार्ट आणि रिपोर्ट काढायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) पहिलं प्रात्यक्षिक द्यायचं असेल, तर तयारीला आदली संध्याकाळ पुरत नाही, आठवडा हाताशी ठेवा. त्या आठवड्यातलं पहिलं काम म्हणजे लॅबमधल्या प्रत्येक मशीनची रीजन सेटिंग, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते, पाहणं. पहिल्या रांगेतली दोन मशीन पाहून उठू नका. प्रत्येक मशीन.

विंडोज बसवताना पुष्कळदा 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' तसंच राहून जातं. मग सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमधली 03/04/2024 ही आपली 3 एप्रिल ते मशीन 4 मार्च म्हणून वाचतं आणि कसलाही इशारा देत नाही. 13/04/2024 वर मात्र ते अडतं, कारण तेरावा महिना नसतो: पॉवर क्वेरीत (डेटा आत घेऊन साफ करायच्या भागात) एरर येते, एक्सेलमध्ये ती तारीख मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. एप्रिल 2024 ते मार्च 2025 या वर्षाचा हिशेब मांडून पाहा. 365 तारखांपैकी 221 उघडपणे बिघडतात, दिवस आणि महिन्याचा आकडा एकच असलेल्या 12 बरोबर येतात, आणि 132 गुपचूप भलत्याच महिन्यात जाऊन बसतात. धोका त्या 132 चा आहे. विद्यार्थी 'रिमूव्ह एरर्स' दाबून मोकळा होतो, उरलेल्या चुकीच्या तारखांवर देखणा लाइन चार्ट काढतो, शेजारच्या मशीनवर वेगळाच चार्ट दिसतो आणि तासाचा उरलेला वेळ कोणाचं बरोबर यावर जातो.

सेटिंग बदलायला विंडोज आणि आर दाबा, 'कंट्रोल' लिहून कंट्रोल पॅनेल उघडा, रीजनमध्ये फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' करा. हे विद्यार्थ्यांच्या लॉगिनमधूनच करायचं. ही सेटिंग प्रत्येक युजरची वेगळी असते. अ‍ॅडमिनच्या लॉगिनमध्ये बदललीत तर मुलांच्या लॉगिनला तिचा उपयोग नाही. शिवाय रीस्टार्ट केल्यावर मशीन मूळ स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर अनेक लॅबमध्ये बसवलेलं असतं. ते चालू असताना केलेला बदल दुसऱ्या दिवशी पुसलेला सापडेल. लॅब असिस्टंटला आधी ते थांबवायला सांगा, बदल करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा पाहा.

एवढं करूनही फाइलवर भरवसा ठेवू नका. पहिल्या तासाच्या फाइलमध्ये तारखा 2024-04-03 अशा लिहा. त्या कुठल्याही सेटिंगमध्ये एकच वाचल्या जातात. दुसऱ्या तासाला मुद्दाम 03/04/2024 वाली फाइल द्या, कारण नोकरीत त्यांना तीच मिळणार आहे. दुरुस्तीचा क्रम पाठ हवा: पॉवर क्वेरीने आपणहून घातलेली 'चेंज्ड टाइप' पायरी आधी काढून टाकायची, मग कॉलमच्या नावावर राइट क्लिक, 'चेंज टाइप', 'युजिंग लोकेल', तिथे डेट आणि इंग्लिश (इंडिया). जुनी पायरी तशीच ठेवून पुढे नवी जोडली तर उलटलेल्या तारखा उलट्याच राहतात. आणि चार्ट काढण्याआधी प्रत्येकाने किमान आणि कमाल तारीख कार्डवर (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकोनात) टाकून दाखवायची. रोजची नोंद असेल तर 1 एप्रिल 2024 आणि 31 मार्च 2025 यायला हवं. 4 जानेवारी 2024 आणि 3 डिसेंबर 2025 दिसलं, तर त्या मशीनवर अमेरिकन सेटिंग आहे. तिथेच थांबा.

आता सॉफ्टवेअर. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं; मॅकवाल्या मुलांना आधीच सांगून लॅबचं मशीन राखून ठेवा. सगळीकडे एकच आवृत्ती हवी. ती जवळजवळ दर महिन्याला बदलते आणि नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडेलच असं नाही. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर न्या, सगळ्या वर्गाने एकदम डाउनलोड सुरू केलं की कॉलेजचं नेट बसतं. स्क्रीन 1024 बाय 768 ची असेल तर सुरुवातीची खिडकी बंद करायचं बटणच पडद्याबाहेर जातं, तेव्हा प्रोजेक्टरवर आधी उघडून पाहा. रिपोर्ट पब्लिश करायला, म्हणजे ऑनलाइन टाकायला, कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं लागतं, जीमेल चालत नाही. पहिल्या दोन तासांत पब्लिश करण्याच्या फंदात पडू नका.

डेटा लहान पण खरा वाटेल असा घ्या. पाच ते दहा हजार ओळींची विक्री, वेगळं वस्तूंचं टेबल, वेगळं दुकानांचं. त्यात घाण मुद्दाम सोडा: 'पुणे'च्या मागे एक स्पेस, परत आलेल्या मालाचे उणे आकडे, काही रिकाम्या किमती. सगळ्या मशीनवर फाइल एकाच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण पॉवर बीआय पूर्ण पाथ (फाइलचा मशीनवरचा पत्ता) लक्षात ठेवतं आणि घरी गेल्यावर रिफ्रेश होत नाही. नकाशा काढणार असाल तर अक्षांश-रेखांश द्या. औरंगाबाद बिहारमध्येही आहे आणि आपलं 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आहे, नुसत्या नावावर ठिपका कुठेही पडेल.

आर्थिक वर्ष विसरू नका. हाही तारखांचाच भाग आहे आणि तोही राहून जातो. पॉवर बीआय आपणहून जानेवारी-मार्चला पहिली तिमाही धरतं, आपली पहिली एप्रिल-जून. म्हणून स्वतःचं तारखांचं टेबल करा, त्यात एप्रिलला 1 आणि मार्चला 12 असा क्रमांक द्या आणि महिन्याचं नाव त्या क्रमांकाने लावा. नाहीतर अक्षावर एप्रिलनंतर ऑगस्ट, मग डिसेंबर येतो, कारण नावं इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लागतात.

लाख-कोटी: एक्सेलमध्ये [>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0 हा कस्टम फॉरमॅट चालतो, अमेरिकन सेटिंगवर उणे आकड्यांना मात्र तो स्वल्पविराम चुकीच्या जागी देतो. पॉवर बीआयच्या डिस्प्ले युनिटमध्ये लाख नाही. मेझरला (पॉवर बीआयमध्ये लिहिलेल्या हिशेबाच्या सूत्राला) एक लाखाने भागा आणि शीर्षकात 'लाख रुपये' लिहा.

चार्टचे नियम थोडक्यात. बार शून्यापासून. पाय चार्टला तीनपेक्षा जास्त तुकडे नकोत. लाल-हिरवी जोडी टाळा. प्रत्येक चार्टच्या आधी वहीत एक प्रश्न लिहून घ्या. ज्याला प्रश्न नाही तो चार्ट काढायचाच नाही. व्यवस्थापनाच्या मुलांना बटणं लवकर जमतात, प्रश्न जमत नाही, त्याला वेळ द्या.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी अर्धा तास आधी जा, विद्यार्थी लॉगिनने प्रत्येक मशीनवर फाइल उघडा, किमान-कमाल तारीख पाहा. हो, पुन्हा. काम जमा करताना पॉवर बीआयची फाइल आणि पीडीएफ दोन्ही घ्या, फाइलच्या नावात हजेरी क्रमांक हवा.