अलंकार ओळखताना या चुका टाळा

वाक्यात ‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, असे ठोकताळे पाठ करून विद्यार्थी परीक्षेला बसतात. त्यांवर पुष्कळदा गुणही मिळतात, पण कविता वाचताना हेच ठोकताळे दगा देतात. ‘तो सारखा बोलत असतो’ या वाक्यापुढे ‘उपमा’ असे लिहिलेले मी उत्तरपत्रिकेत पाहिले आहे. तेथे ‘सारखा’ म्हणजे ‘सतत’; तुलना मुळीच नाही. ‘धाकटी थोरलीसारखीच उंच आहे’ या वाक्यात तुलना आहे, तरीही उपमा नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपमेची व्याख्या करताना ‘भेद असताना साधर्म्य’, म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंतला सारखेपणा, असे सांगितले आहे, आणि दोन बहिणींची उंची मोजण्यात ना तसा भेद आहे, ना काव्याला लागणारी चमत्कृती.

म्हणून साम्यवाचक शब्द शोधण्याआधी, कवीने दोन वस्तूंचे नाते कोठवर नेले आहे हे पाहावे. जोंधळ्याचे दाणे आणि मोती हीच जोडी घेऊ. ‘दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत’ असे म्हटले की दोन्ही वस्तू वेगळ्या राहतात आणि टपोरेपणा हा साधारण, म्हणजे दोहोंत समान असलेला, धर्म त्यांना जोडतो, ही उपमा. ‘दाणे जणू मोतीच आहेत’ यात दाणे मोती असल्याची कल्पना केली आहे, ही उत्प्रेक्षा. ‘जोंधळ्याचे दाणे हे शेतकऱ्याचे मोतीच’ असे म्हणताना कल्पनेचा आडपडदाही उरत नाही, दोहोंत अभेद मानला जातो, हे रूपक. ‘हे दाणे नव्हेत, मोती आहेत’ असे म्हणून उपमेयच (ज्याचे वर्णन चालले आहे ते, येथे दाणे) नाकारले की अपन्हुती होते, आणि ‘मोत्यांहूनही टपोरे दाणे’ म्हणताना उपमेय वरचढ ठरते, तो व्यतिरेक. एकच जोडी अशी पाच वाक्यांत फिरवून पाहिली, तर व्याख्या घोकण्याची गरज फारशी उरत नाही.

‘चंद्रासारखे मुख’ यात आधी आलेला चंद्र हे उपमेय, असे अनेकांना वाटते. वर्ण्य विषय मुख आहे, म्हणून उपमेय मुख. ज्याच्याशी तुलना केली तो चंद्र हे उपमान. कवीने मुद्दाम उलट करून ‘चंद्र तिच्या मुखासारखा’ असे म्हटले, तर तो प्रतीप अलंकार होतो.

दृष्टांत आणि अर्थांतरन्यास यांची गल्लत मात्र चांगल्या वाचकांकडूनही होते. ‘सरपंच होताच तो चुलत्याला ओळखेनासा झाला, सत्ता माणसाला आंधळे करते’ यात विशेष, म्हणजे एका ठरावीक, प्रसंगाला सर्वांना लागू पडणाऱ्या सामान्य विधानाचा आधार दिला आहे, म्हणून तो अर्थांतरन्यास. दुसरे वाक्य ‘पावसाळ्यात ओढाही आपले काठ विसरतो’ असे असते, तर एका विशेष गोष्टीसमोर तिचे प्रतिबिंब दाखवणारी दुसरी विशेष गोष्ट आली असती, आणि तो दृष्टांत झाला असता. दुसरे वाक्य सुटे काढून ते सुविचार म्हणून चालेल का, हे तपासावे. चालत असेल तर बहुधा अर्थांतरन्यासच असतो.

‘रूपक’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे नाट्यकृती. धनंजयाच्या ‘दशरूपका’त तिचेच दहा प्रकार सांगितले आहेत. रूपककथेत संपूर्ण कथेच्या तळाशी दुसरा अर्थ वाहत असतो. या दोहोंना रूपक अलंकाराची व्याख्या लावू नये.

कवितेचे वृत्त, म्हणजे ओळीतल्या लघू-गुरू अक्षरांचा ठरलेला क्रम, ओळखतानाही डोळ्यांवर विसंबण्याची हीच सवय नडते. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू (दोन मात्रांचे), हा नियम सर्वांना पाठ असतो, पण ते गुरू होते त्यावर आघात येतो म्हणून. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर जोर येतो, तेव्हा तो गुरू. ‘तुम्हाला’ किंवा ‘पुन्हा’ मोठ्याने म्हणून पाहावे: ‘तु’ आणि ‘पु’ यांवर आघात येत नाही, म्हणून पुढे जोडाक्षर असूनही ते लघूच (एका मात्रेचे) धरावेत.