रोजच्या चार चौकटी

अमळनेरहून धुळ्याला मी रोज एस.टी.ने नोकरीला जाते. तीन वर्षं झाली, रात्री जेवण आटोपलं की त्या दिवसातलं काहीतरी चार चौकटींत काढते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. नव्याने सुरू करणारे मला हमखास विचारतात, रोज काढण्यासारखं घडतं तरी काय?

पहिला महिना मलाही हाच प्रश्न छळायचा. उठले, डबा केला, गाडी पकडली, परत आले, असा अख्खा दिवस मी चौकटींत कोंबायचे. बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नसे. मग हिवाळ्यात एकदा घरी भरतासाठी बामणोदची वांगी आणली. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजून झाल्यावर आई साल काढत होती. बोटं वाटीतल्या पाण्यात बुडवायची, गरम वांग्याला लावायची, चटका बसला की पुन्हा पाण्यात. मी तेवढंच काढलं: बोटं, वाटी, वांगं आणि शेवटी आईचा चेहरा. शब्द एकही नाही. ती चौकट बघून आई म्हणाली, "मी अशी दिसस का वं?" आणि बराच वेळ मोबाईल हातात धरून बसली. त्या दिवसापासून मी दिवसातलं एकच मिनिट निवडते.

ते मिनिट रात्री आठवत बसू नका. मी दुपारीच खिशातल्या वहीत दोन-तीन शब्द टिपते. परतीच्या गाडीत हादऱ्यांमुळे रेघ सरळ येत नाही, पण कोणत्या चौकटीत काय येणार एवढं तिथे ठरतं. घरी ए-फाइव्ह वही आणि ०.५ मि.मी.चं वॉटरप्रूफ पेन. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की घामाने कागद ओला होतो, म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवते.

संवादाची अक्षरं आधी लिहा, त्याभोवतीचा फुगा नंतर काढा. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. दोन ओळी जवळ आल्या की एकमेकींत अडकतात. माझे पहिले वीस-पंचवीस फुगे त्यामुळेच वाचता येत नाहीत. माणूस घरात अहिराणी बोलत असेल तर फुग्यातही अहिराणीच राहू द्या. प्रमाण मराठीतली माझी आई मला तरी ओळखू येत नाही. स्कॅनर नसेल तर सकाळच्या उजेडात खिडकीशी फोटो काढला तरी भागतं. एका स्लाइडवर एकच चौकट, १०८० बाय १३५० पिक्सेल. मोबाईलवर अक्षर नीट वाचता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा कापसाच्या पैशांवरून घरात झालेला वाद मी जसाच्या तसा चौकटींत काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. सकाळपर्यंत तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. मी पोस्ट काढून टाकली, पण स्क्रीनशॉट राहिलेच. भाऊ दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. डायरी माझी असली तरी तो प्रसंग त्याचाही होता. तेव्हापासून ज्याचा चेहरा काढते त्याला आधी दाखवते. तो नको म्हणाला तर ती चित्रं वहीतच राहतात. भांडण, आजारपण, पैसा यांतलं काही ताजं असताना टाकत नाही.

दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका, त्या दिवसाची तारीख रिकामी राहू द्या. अमेरिकेतल्या जेम्स कोचाल्का या कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकाराने १९९८ ते २०१२ अशी चौदा वर्षं चित्रडायरी चालवली. आमच्याच गावात साने गुरुजी शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढत. दिवसभर शिकवून वर रोजचा अंक! कंटाळा येतो तेव्हा मला ते आठवतं आणि मी पेन उघडते. काल फक्त बसच्या खिडकीतून दिसलेली बोरी नदी काढली, दहा मिनिटांत. आईने विचारलं, "आज मी नही का?"