हजेरीच घेतली नाही, तर गैरहजर कोण? प्रजाती-वितरणाच्या मॉडेलमध्ये या चुका टाळा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख डोक्यावर आली की एखादा एमएस्सीचा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसतो. पक्षी नवरंग, जागा संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि पक्षी कुठे आढळू शकतो याचा मॉडेलने काढलेला नकाशा असा की, नवरंगाला जणू बोरिवली गेटपासून कान्हेरीकडे जाणारा डांबरी रस्ताच फार आवडतो. “सर, मॅक्सेंटमध्ये काहीतरी गडबड आहे.” मॅक्सेंट, म्हणजे ‘हजर’ नोंदींवरून असा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर, बिचारं निर्दोष असतं. मी आधी एक्सेल उघडायला सांगतो.

शीटमध्ये नवरंगाच्या रकान्यात कुठे १ (दिसला), कुठे ० (दिसला नाही). एवढे शून्य आले कुठून? रिकामे सेल निवडून सगळीकडे ० भरलेला असतो. हे मीही एकदा केलंय, आणि नंतर तीन आठवडे निस्तरत बसलोय. रिकामा सेल म्हणजे तिथे कुणी गेलंच नाही, किंवा गेलं पण फक्त फुलपाखरं टिपून आलं. ज्या दिवशी मास्तरांनी हजेरीच घेतली नाही, त्या दिवशी अख्खा वर्ग गैरहजर कसा लावणार? असे सेल रिकामेच ठेवा.

आता खरोखर कुणी जाऊन शोधलं आणि दिसला नाही, तो शून्य. त्यालाही दोन प्रश्न विचारा: कोणत्या महिन्यात? किती वाजता? नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर विणीसाठी येतो आणि हिवाळ्यात दक्षिण भारत-श्रीलंकेकडे असतो. जानेवारीच्या रविवारी उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर पन्नास जण फिरून आले, तरी त्यांचे पन्नास शून्य जंगलाबद्दल काहीच सांगत नाहीत. जूनमध्येही हा पक्षी पालापाचोळ्यात गुपचूप चरत असतो. त्याचा पत्ता लागतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला घातलेल्या शिळेवरून. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणी कुरुवी’ म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. दुपारी बारा वाजता काढलेली चक्कर त्याच्यासाठी जवळजवळ वायाच.

म्हणून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून डेटा घेत असाल तर फक्त पूर्ण चेकलिस्ट ठेवा, म्हणजे ज्यात निरीक्षकाने ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत. महिना, वेळ, चाललेलं अंतर आणि घालवलेली मिनिटं हे रकाने फेकू नका; तेच शून्याची किंमत ठरवतात. स्वतः सर्वेक्षण करणार असाल तर एकाच जागी पुन्हा पुन्हा जा. समजा, पक्षी तिथे असूनही एका फेरीत सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. तीन फेऱ्यांनंतरही तो निसटण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे जवळपास २२ टक्के उरते. पाच फेऱ्यांनंतर ती ८ टक्क्यांखाली येते. २००२ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं ऑक्युपन्सी मॉडेल (न दिसलेला पक्षी तिथे असू शकतो, हे धरून चालणारं) हाच हिशेब करतं. अट एवढीच, की सगळ्या फेऱ्या एकाच हंगामातल्या हव्यात.

‘हजर’ नोंदही डोळे मिटून घेऊ नका. मे-जूनमध्ये प्रवासाने थकलेला नवरंग शहरातल्या एखाद्या बाल्कनीत सापडतो. नोंद खरी, फोटोही झकास. पण त्या बाल्कनीला अधिवास म्हणून मॉडेलमध्ये घातलं, तर पुढचं सगळं गणित कोलमडलं.

खरे शून्य नाहीतच, म्हणून मॅक्सेंट वापरायचं ठरलं, की पार्श्वभूमीचे बिंदू, म्हणजे ‘हजर’ नोंदींशी तुलनेसाठी घेतलेल्या जागा, कुठे टाकायचे हा प्रश्न येतो. डांबरी रस्त्याचं कोडं इथेच सुटतं. लोक जिथे चालतात तिथल्याच नोंदी येतात. बिंदू मात्र उद्यानभर विखुरले, तर मॉडेल नवरंग शिकत नाही, पक्षीनिरीक्षकांच्या पायवाटा शिकतं. इतर पक्ष्यांच्या याद्या जिथून आल्या, त्याच जागांवरून हे बिंदू घ्या, म्हणजे दोन्हीकडे सारखाच कल राहतो. उलट, एयूसी (‘हजर’ जागा बाकीच्या जागांपासून मॉडेल किती नीट वेगळ्या ओळखतं, त्याचे एकापैकी गुण) वाढावा म्हणून धारावी-नरिमन पॉइंटपर्यंत बिंदू पसरवणारेही भेटतात. मग ०.९५ येतो आणि सगळे खूश! जंगलातला पक्षी जंगलात असतो, हे सांगायला संगणक कशाला हवा?

तपासणीतही हीच पळवाट असते. नोंदींची चिठ्ठ्या टाकून ७०-३० अशी वाटणी केली, तर एकाच वाटेवरच्या, शंभर मीटरवरच्या दोन नोंदी शिकवणीत आणि परीक्षेत अशा दोन्हीकडे जातात. पेपर आधीच फुटलेला. बोरिवलीच्या बाजूवर शिकवा, ठाण्याकडच्या येऊरच्या बाजूवर तपासा. आकडा पडेल, पडू दे.

थर, म्हणजे मॉडेलला द्यायचे हवामान, झाडोरा अशा माहितीचे नकाशे, निवडताना क्षेत्रफळ पाहा. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. वर्ल्डक्लिम या जगभरच्या हवामानाच्या डेटाचे सर्वांत बारीक चौकोन आपल्या अक्षांशावर किलोमीटरपेक्षा थोडे लहान. म्हणजे हाती उरले सव्वाशेच्या आसपास चौकोन, आणि त्यात हवामानाचे एकोणीसच्या एकोणीस थर कोंबायचे? इतक्या छोट्या जागेत झाडोऱ्याची दाटी आणि ओढ्यापासूनचं अंतर जास्त बोलतं.

आणि हो, अक्षांश-रेखांश. १९.२ आणि ७२.९ यांची अदलाबदल झाली की बोरिवलीचा नवरंग नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. तिथे तुमचा थर रिकामा असतो, आणि बरीच पॅकेजेस अशी ओळ फारसा गाजावाजा न करता गाळून टाकतात. मॉडेल चालवण्याआधी नोंदी मोजा, चालवल्यावर पुन्हा मोजा.